गावात पोरांसाठी बॉक्सिंगच्या बाउट लावायच्यात? मग आधी हे वाचून घ्या

प्रमोटर म्हटलं की लोकांना डॉन किंग आठवतो, उभे केस, तोंडात सिगार, १९७४ ला अली आणि फोरमनची फाइट थेट आफ्रिकेत किन्शासाला नेऊन लावणारा आणि पुढे ज्याच्यावर अली आणि टायसन दोघांनीही पैशावरून कोर्टात केस टाकली तो. तसलं काही व्हायचं असेल तर हे वाचून उपयोग नाही. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या तालुक्यात किंवा वस्तीत दहा-पंधरा पोरंपोरी ग्लोव्हज घालायला लागलीयेत, कोच आहे किंवा निदान शिकवू शकेल असा एखादा रिटायर्ड फौजी आहे, आणि आता कोणीतरी पुढे होऊन हॉल, डॉक्टर, रेफ्री, वर्गणी, सगळं जमवून बाउट, म्हणजे पोरांच्या लढती, लावायला पाहिजे. तो कोणीतरी म्हणजे प्रमोटर. बाकी सगळे येऊन टाळ्या वाजवून जातात.

आपल्याकडे हे काम नवीन नाहीये खरं तर. यात्रेच्या मैदानात कुस्त्या जोडणारा एक माणूस असतो बघा, हातात यादी, कानाला पेन, दोघांना शेजारी उभं करून दंड-मांड्या बघतो, वस्तादाला विचारतो मागची कुस्ती कोणाशी झाली, मग म्हणतो जमतंय किंवा म्हणतो नाही, याला पुढच्या वर्षी आणा. इनामाची रक्कम माइकवर दुसराच कोणी ओरडत असतो, पण मैदान चांगलं झालं की वाईट ते या यादीवाल्यावर ठरतं. बॉक्सिंगमध्ये तर अजूनच जास्त, कारण कुस्तीत चुकीची जोड लागली तर पोरगं चितपट होऊन माती झटकत उठतं, इथे डोक्याला मार लागतो. म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि तेच खाली फिरून फिरून येईल: पोराला घडवायचं जे काही प्रमोटरच्या हातात आहे त्यातलं निम्म्याहून जास्त जोड लावण्यात आहे. भाषणात नाही, बक्षिसात नाही.

ज्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे

१९५४ ला अमेरिकेत लुईव्हिलला एका बारा वर्षांच्या पोराची सायकल चोरीला गेली. तक्रार करायला पोलीस कुठंय विचारत ते एका बिल्डिंगच्या तळघरात गेलं, तिथे जो मार्टिन नावाचा पोलीस ड्युटी संपल्यावर वस्तीतल्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. पोरगं म्हणालं चोराला धुतो, मार्टिन म्हणाला आधी मारायला तरी शिक. पोराचं नाव कॅशियस क्ले, पुढचा महंमद अली. ही गोष्ट सगळ्यांना माहितीये, पण तिचा पुढचा भाग फार कोणी सांगत नाही, की हा मार्टिन लोकल टीव्हीवर पोरांच्या बाउट्सचा कार्यक्रमही करायचा, म्हणजे कोचही तोच आणि आजच्या भाषेत प्रमोटरही तोच. क्लेची पहिली बाउट याच कार्यक्रमात झाली, सायकल गेल्यावर थोड्याच आठवड्यात, आणि स्प्लिट डिसिजनवर जिंकला, म्हणजे जेमतेम. मला यातलं जेमतेम फार आवडतं. समोर कोणी कच्चं लिंबू उभं केलं नव्हतं. आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकला जायचं तेव्हा विमानाच्या भीतीने हा जायलाच तयार नव्हता, तेव्हा बसून समजावलं तेही मार्टिननेच.

दुसरा ब्रेंडन इंगल. डब्लिनचा माणूस, इंग्लंडमध्ये शेफिल्डला स्थायिक झालेला, तिथल्या विंकोबँक भागात चर्चच्या हॉलमध्ये त्याने पोरांसाठी क्लब चालवला. त्याची दोन कामं तर थेट उचलावीत अशी आहेत. एक, हॉलच्या फरशीवर रेषा मारलेल्या, त्या रेषांवरून पोरांनी पाय कसे टाकायचे, वळायचं कसं, हे तासन् तास. दुसरं, स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, डोक्यावर मारायचं नाही, फक्त अंगावर, त्यामुळे नवखं पोरगं आणि पक्का प्रोफेशनल एकाच रिंगमध्ये उतरू शकायचे आणि कोणाला इजा होत नव्हती. नसीम हमीद तिथे सात वर्षांचा असताना आला आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला.

आणि आपल्याकडे भिवानी. जगदीश सिंग या साईच्या (स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाच्या) कोचने २००३ ला भिवानी बॉक्सिंग क्लब काढला, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे जे पाच बॉक्सर गेले त्यातले चार एकट्या भिवानीचे. विजेंदरचं ब्राँझ म्हणजे बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक मेडल. महाराष्ट्रात कोणी नाही असं म्हणायचं कारण नाही, बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला आणि २०१९ ला इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचं गोल्ड घेऊन आला, नागपूरची अल्फिया पठाण २०२१ ला पोलंडमध्ये युथ वर्ल्ड चॅम्पियन झाली. दोघंही काही मुंबई-पुण्याच्या एसी जिममधून आलेले नाहीत.

जागा आणि सामान

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि खरं तर हे सगळ्यात सोपं आहे, म्हणून पटकन सांगतो. प्रॅक्टिसला रिंग लागत नाही. समाजमंदिर, झेडपीच्या शाळेचा हॉल, गोडाऊन, काहीही चालतं, फक्त फरशी घसरती नको आणि पोरींसाठी दार बंद होणारी खोली आणि पाणी असलेलं टॉयलेट पाहिजे. टॉयलेट नसेल तर पोरी दोन महिन्यात गळतात आणि मग आपणच म्हणतो की पोरींना आवड नाही. फरशीवर ऑइल पेंटने रेषा मारा, इंगलसारख्या, खर्च एका डब्याचा. दोरीवरच्या उड्या, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव), जुने टायर, एक-दोन बॅगा. ग्लोव्हज मेरठ-जालंधरहून मागवले तर दुकानापेक्षा बरेच स्वस्त पडतात, पण स्पारिंगला मोठे ग्लोव्हज घ्या, चौदा-सोळा औंसाचे, मॅचवाले दहा औंसाचे रोज वापरायला काढू नका. हँडरॅप (ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी) आणि माउथगार्ड प्रत्येकाचा स्वतःचा, यात शेअरिंग नाही. हेडगार्ड लहान पोरांना बाउटमध्ये सक्तीचंच आहे, पण एक लक्षात ठेवा, हेडगार्डने कट आणि सूज वाचते, डोक्याच्या आत मेंदू हलतो ते हेडगार्ड थांबवू शकत नाही. पालकांना हे सांगा. ‘हेडगार्ड आहे ना, काय होतंय’ असं म्हणणारा माणूस कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात पोराला सांभाळायला, ठेवायचा नाही.

बाउटसाठी रिंग लागतेच. दोरीच्या आत साधारण ६.१ मीटर बाय ६.१, चार दोऱ्या, खाली फळ्यांवर फेल्ट आणि वर कॅनव्हास. विकत घेऊ नका. जिल्हा असोसिएशनकडे किंवा जवळच्या एखाद्या कॉलेजकडे असते, भाड्याने मिळते, टेम्पोचं भाडं धरा आणि ती जोडणारी माणसं त्यांच्याकडचीच आणा. मंडपवाल्याला ‘जमेल का’ विचारलं तर तो हो म्हणणारच, त्याचा धंदाच आहे हो म्हणायचा, पण रिंगच्या फळ्यांमध्ये फट राहिली तर पोराचा घोटा गेला.

परवानग्या, आणि हे टाळू नका

जिल्हा असोसिएशनला लेखी कळवून त्यांची परवानगी घ्या, म्हणजे रेफ्री-जज त्यांच्याकडून येतात आणि पोरांच्या बाउट रेकॉर्डवर लागतात. वयोगट आणि राउंडचे मिनिटं अधूनमधून बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद न वापरता फेडरेशनचं चालू परिपत्रक मागून घ्या. मोठ्यांना तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, मधे एक मिनिट रेस्ट, लहानांना राउंड छोटा. मधे इंटरनॅशनल लेव्हलला जो गोंधळ झाला, आयबीए या जुन्या जागतिक बॉक्सिंग संघटनेची मान्यता ऑलिंपिक कमिटीने २०२३ ला काढली आणि वर्ल्ड बॉक्सिंग नावाची नवी संघटना आली, त्याने नियम पण हलले, भारत आता नव्या संघटनेत आहे. गावातल्या बाउटला याचा काय संबंध असं वाटेल, पण पोरगं उद्या स्टेटला गेलं की संबंध येतो.

पोलीस स्टेशनचं पत्र, स्पीकरची परवानगी, हॉलच्या मालकाचं पत्र, हे नेहमीचंच. त्याच्याबरोबर प्रत्येक पोराच्या आईवडिलांची सही, आणि सही म्हणजे कोऱ्या फॉर्मवर अंगठा नाही, घरी जाऊन बसून सांगायचं की यात मार लागू शकतो, काय काय लागू शकतं, डॉक्टर कोण असणार. नाही म्हणाले तर नाही. जन्मदाखल्याची झेरॉक्स घ्या आणि ओरिजिनल डोळ्याने बघा. वय चोरणं ही आपल्या खेळाला लागलेली कीड आहे आणि ती कोचपासून सुरू होते, पोराला काय कळतंय. पंधराचा म्हणून सतराचा उभा केला तर समोरच्या खऱ्या पंधराच्या पोराचं काय होतं याचा विचार करा, मग ‘सगळेच करतात’ हे तोंडातून निघणार नाही.

डॉक्टर. रिंगसाइड एमबीबीएस डॉक्टर आणि बाहेर ड्रायव्हरसकट उभी अॅम्ब्युलन्स, या दोन गोष्टी नसतील तर बाउट होणार नाही, आमदार समोर बसलेले असले तरी नाही. १०८ ला फोन करू म्हणणं ही तयारी नाही. सगळ्यात जवळचं सीटी स्कॅन कुठे आहे आणि संध्याकाळी ते चालू असतं का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. अॅम्ब्युलन्स एखाद्या पोराला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत किंवा तीच परत येईपर्यंत कार्यक्रम थांबतो. लोक ओरडतील, ओरडू देत.

जोड लावणं

आता मुद्द्याचं. एक वही करा, मोबाइलमधल्या एक्सेलने पण चालतं पण वही बरी, कारण कॉर्नरला सगळे येऊन बघतात. प्रत्येक पोराचं वजन, जन्मतारीख, किती महिने प्रॅक्टिस, किती बाउट, शेवटची बाउट कधी आणि कशी संपली, उजव्या हाताचा की डाव्या. मग जोड बघायची. माझा हिशोब असा: लहान वजनात दोन किलोच्या वर फरक नको, वयात वर्षभराच्या वर नको, आणि अनुभवात तर अजिबात सूट नको, दहा बाउट खेळलेल्या पोरासमोर पहिलीच बाउट खेळणारा उभा करायचा नाही, वजन ग्रॅमला ग्रॅम जुळलं तरी. वजनकाट्यावर दोघं सारखे दिसतात आणि रिंगमध्ये एकाला काय करायचं ते माहीत असतं, दुसऱ्याला नसतं. जोड जमत नसेल तर त्या पोराला त्या दिवशी बाउट नाही, पाहिजे तर डोक्यावर न मारता फक्त अंगावरचं दोन राउंडचं प्रदर्शनी स्पारिंग द्या, निकाल न देता. पोरगं रडेल, त्याचे मामा पुण्याहून बघायला आलेत म्हणेल. मामांना चहा पाजा.

इथे एक घाणेरडी सवय सांगतो जी खूप ठिकाणी आहे. यजमान क्लब आपल्या पोरांना जिंकवायला बाहेरून कच्ची पोरं बोलवतो, गाडीभाडं देतो, जेवण देतो, आणि संध्याकाळी आपल्या सगळ्यांचे हात वर. फोटो छान येतात, पेपरात बातमी येते, नगरसेवक खूश. पण तुमचं पोरगं पाच सोप्या बाउट जिंकून विभागीय स्पर्धेला गेलं की तिथे पहिल्या राउंडला त्याला कळतं की त्याला काहीच येत नाही, आणि त्या धक्क्यातून बरीच पोरं परत येत नाहीत, ग्लोव्हज खुंटीला टांगतात ते कायमचे. आणि जी पोरं मार खायला आणली होती त्यांचं तर कोणी विचारतच नाही. चांगली जोड म्हणजे बाउटच्या आधी तुम्हाला स्वतःला सांगता आलं नाही पाहिजे कोण जिंकणार. तुमचं पोरगं हरलं पाहिजे अधूनमधून, जेमतेम हरलं पाहिजे, आणि त्याला कळलं पाहिजे कशामुळे हरलं.

दुसऱ्या क्लबच्या कोचला फोन करून खरं सांगा, माझ्या पोराच्या सहा झाल्यात, चार जिंकलाय, उजवा जड आहे. तोही मग खरं सांगायला लागतो. दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात असे चार-पाच कोच झाले की बाकीचे आपोआप बाजूला पडतात, त्यांच्याकडे पोरं पाठवायचीच बंद करायची.

वजनाचं एक. बाउटच्या आधी पोरांना उपाशी ठेवणं, प्लास्टिक घालून पळवणं, थुंकत बसवणं, हे दिसलं की त्या पोराची बाउट रद्द आणि कोचला पुढच्या वेळी आमंत्रण नाही. शरीरात पाणी कमी असताना डोक्याला मार बसणं जास्त धोक्याचं आहे, आणि वाढत्या वयातल्या पोराने वजन उतरवायचं कारणच काय, ते तर वाढणारच. पोरगं ज्या वजनात जेवून-खाऊन बसतं ते त्याचं वजन.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळी वजन आणि मेडिकल, डॉक्टरच्या समोर, आणि त्यानंतर लगेच जेवण. जेवण म्हणजे वडापाव नाही, वरण-भात-भाजी, अंडी, केळी, साधं जे रोज पोटाला सवयीचं आहे ते. नवीन पावडर-बिवडर कोणी काढली तर जप्त करा.

आता सत्कार. हा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. चारची वेळ, पावणेसहाला पाहुणे येतात, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग व्यासपीठावरच्या अठरा जणांची नावं, त्यातलं एक राहिलं म्हणून परत सुरुवात, आणि तोपर्यंत पहिल्या बाउटची दोन पोरं हँडरॅप बांधून, वॉर्मअप करून, परत थंड होऊन, घाबरून अर्धी झालेली असतात. उपाय सोपा आहे, पत्रिकेतच छापा की सत्कार चौथ्या बाउटनंतर. पाहुणे उशिरा आले तरी काही बिघडत नाही आणि आले की त्यांना थेट मॅच बघायला मिळते, तेही खूश असतात. फ्लेक्सवर पोरांचे फोटो मोठे, बाकीच्यांचे लहान. यावरून भांडण होतं, मला माहितीये, पण एकदा केलं की पुढच्या वर्षी कोणी बोलत नाही.

सोप्या आणि छोट्या पोरांच्या बाउट आधी, मोठ्यांच्या शेवटी. डीजे बाउट चालू असताना बंद, कारण कॉर्नरचा आवाज पोराला ऐकू गेला पाहिजे. आईवडिलांना रिंगपासून लांब बसवा, प्रेमाने. रेफ्रीने बाउट थांबवली तर त्याच्यावर कोणीही ओरडायचं नाही, आपल्या क्लबचं तर कोणीच नाही, आणि पोराला जास्त मार बसतोय म्हणून रिंगमध्ये टॉवेल टाकून बाउट थांबवणाऱ्या कोचला माइकवरून शाबासकी द्या. हे शेवटचं करून बघाच, वातावरण बदलतं. सगळ्यांना वाटत असतं टॉवेल टाकणं म्हणजे लाज, तुम्ही माइकवरून सांगितलं की पोराची काळजी घेणारा कोच आहे, की पुढचा कोच हात आखडता घेत नाही.

मेडल दोघांना, जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला, आकार थोडा वेगळा ठेवा पाहिजे तर. रोख बक्षीस लहान पोरांना नको, त्याने घरातले हिशोब करायला लागतात. बूट, माउथगार्ड, दोरी, महिन्याची अंडी, हे द्या. तीन फुटी ट्रॉफीला जेवढे पैसे जातात तेवढ्यात चार पोरांचे बूट येतात आणि ट्रॉफी घरी टीव्हीवर धूळ खाते.

दुसऱ्या दिवशीपासून

इथे खरा प्रमोटर आणि इव्हेंटवाला वेगळे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाउट खेळलेल्या प्रत्येक पोराच्या घरी फोन. डोकं दुखतंय का, उलटी झाली का, उजेड सहन होतोय का, चिडचिड करतंय का, नेहमीपेक्षा जास्त झोपलंय का. एकाचंही उत्तर हो असेल तर डॉक्टर, त्याच दिवशी. डोक्याच्या माराने बाउट थांबली असेल तर किमान ३० दिवस स्पारिंग नाही, आणि तेही डॉक्टरने बघून सोडल्यावर. पहिली दुखापत बरी व्हायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. पोरं खोटं बोलतात, ‘काय नाय सर, ओके आहे’, कारण त्यांना टीममधून बाहेर व्हायचं नसतं, म्हणून आईला विचारायचं.

हरलेल्या पोराशी त्या रात्री मॅचबद्दल बोलायचं नाही. जेवायला घाला, घरी सोडा. दोन दिवसांनी व्हिडिओ बरोबर बसून बघा आणि एकच गोष्ट सांगा, डावा हात खाली येतोय, बस. दहा चुका सांगितल्या की त्याला अकरावी ऐकू येते, की तू बेकार आहेस.

शाळेची हजेरी बघा. हे लेक्चर म्हणून नाही, नियम म्हणून: शाळा बुडवली तर त्या आठवड्यात स्पारिंग नाही, गल्लीत मारामारी केली तर महिनाभर रिंगमध्ये पाय नाही, फक्त दोऱ्या आणि झाडू. आणि हा नियम तुमच्या सगळ्यात भारी पोराला पहिला लावायचा, म्हणजे बाकीच्यांना काही सांगावं लागत नाही. जी पोरं रागाने भरलेली येतात, घरी बाप पिऊन मारतो, किंवा बाप नाहीच, ती इथे टिकतात ती बऱ्याचदा मारामारीसाठी नाही तर संध्याकाळी सहाला कोणीतरी आपली वाट बघतंय म्हणून. त्यामुळे सहा म्हणजे सहा, तुम्ही उशिरा यायचं नाही. काही पोरं उपाशी येतात हेही बघा. भिजवलेले चणे आणि शेंगदाणे-गूळ ठेवायला फार पैसे लागत नाहीत, कोणाचं नाव न घेता सगळ्यांसाठीच ठेवा. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचा इमॅन्युअल स्टुअर्ड, ज्याच्याकडून टॉमी हर्न्ससारखा वर्ल्ड चॅम्पियन आला, तो आधी इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला होता आणि पोरांना स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचा, स्वतः रांधून घालायचा. आपण तेवढं नाही तरी चण्याएवढं करू शकतो.

पोरापोरींबरोबर एकटं कोणीही मोठं माणूस नको, कधीच, कोच असो की तुम्ही. बाहेरगावी टीम गेली तर पोरी असतील तर बाईमाणूस बरोबर पाहिजे, खोल्या वेगळ्या, रात्रीचे मेसेज पालकांच्या ग्रुपवर, पर्सनलवर नाही. नवीन कोच घेताना पोलीस व्हेरिफिकेशन करा आणि आधीच्या क्लबला फोन करून विचारा का सोडलं. माझ्यावर विश्वास नाही का असं जो म्हणतो त्याच्यावर तर मुळीच ठेवू नका.

पैसे

क्लबच्या नावाने बँक खातं, दोन सह्यांचं, त्यातली एक तुमच्या नात्याबाहेरची. वर्गणीची पावती, आणि कार्यक्रम झाल्यावर जमाखर्च हॉलच्या दारावर चिकटवायचा, गणपती मंडळासारखा. अमेरिकेत २००० साली अलीच्या नावानेच एक कायदा झाला, त्यात प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये प्रमोटरने बॉक्सरच्या मॅनेजरच्या धंद्यात आर्थिक हात घालू नये असं आहे, कारण एक जण फाइट लावून कमावतो आणि दुसऱ्याचं काम बॉक्सरला जास्त मिळवून देणं, दोन्ही खिसे एकाच पँटला असले की बॉक्सर मरतो. आपल्या गावात एवढा पैसा नाही, पण तत्त्व तेच. बाउटची यादी ज्या माणसाकडे आहे त्याच्याकडे शक्यतो एखाद्या पोराची कोचिंग फी नको. इंगल आणि नसीम हमीदचं उदाहरण बघा, सात वर्षांचा असल्यापासून वाढवलेलं पोरगं, आणि १९९८ पर्यंत दोघं वेगळे झाले, भांडणाच्या मुळाशी पैशाचा वाटा होताच. कोण बरोबर त्यात मी पडत नाही. पण पोरगं मोठं व्हायच्या आधीच, सगळं गोड असताना, कागदावर लिहिलं पाहिजे की पुढे बक्षीस, स्पॉन्सर, नोकरी काहीही मिळालं तरी क्लबचा त्यात वाटा शून्य. शून्यच लिहा.

पोरगं पुढे देणं

कस डिअमाटो हे नाव बॉक्सिंगवाल्यांना माहीत असतं. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाच्या छोट्या गावात, पोलीस स्टेशनच्या वर त्याचं जिम होतं. १९८० च्या सुमाराला सुधारगृहातून एक पोरगं त्याच्याकडे आलं, माइक टायसन, पुढे आई वारल्यावर डिअमाटोच कायदेशीर पालक झाला, घरी ठेवलं, शिकवलं, भीतीशी कसं वागायचं ते समजावलं. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये डिअमाटो गेला आणि वर्षभराने विसाव्या वर्षी टायसन सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला. मला डिअमाटोबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट खटकते, त्या पोराचं सगळं जग एका म्हाताऱ्यावर उभं होतं, तो गेला आणि पुढे आजूबाजूला जे जमले ते बघा. म्हणून पोराच्या आयुष्यात तुमच्याशिवाय निदान दोन-तीन मोठी माणसं असू देत, शाळेतले एक सर, आत्या, मोठी ताई, जुना बॉक्सर, आणि त्यांना बोलवत राहा. लुईव्हिलचा क्लेसुद्धा फक्त मार्टिनकडे शिकत नव्हता, फ्रेड स्टोनर नावाचा दुसरा ट्रेनर गावात होता, त्याच्याकडेही जायचा आणि बरंच त्याच्याकडून शिकला.

आणि पोरगं तुमच्या कोचच्या पुढे गेलं की सोडायचं. अकोल्यासारखी प्रबोधिनी असेल, पुण्याचं आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट असेल, तिथल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत ८ ते १४ वयाची पोरं घेतात, ट्रायल्सच्या तारखा बघत राहा. ‘माझं पोरगं नेलं’ म्हणून रडणारे कोच मी खूप बघितलेत. तुमचं नव्हतंच ते.

बहुतेक पोरं मात्र कुठेच जाणार नाहीत, ना नॅशनल ना आर्मी, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून ऑलिंपिकचं गाजर दाखवणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे. त्यांच्यासाठी दुसरे रस्ते बोलत राहायचे. पोलीस भरती, सैन्य भरती, आणि स्टेट-नॅशनलची सर्टिफिकेटं असतील त्यांना सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, त्यासाठी सर्टिफिकेट क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं आणि ते शेवटच्या आठवड्यात होत नाही. ज्याला शिकवायची हौस आहे त्याला पटियालाच्या एनआयएसचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्सचा) कोचिंग डिप्लोमा, जो शांत डोक्याचा आहे त्याला रेफ्री-जजची परीक्षा. एखादी पोरगी सगळ्यांची वजनं, तारखा तोंडपाठ सांगते, तिच्याकडे वही द्या, पुढच्या बाउटच्या जोडी तिला लावू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि तिने नाही म्हटलं तर नाही.

प्रत्येक पोराची एक प्लास्टिक फाइल करा, जन्मदाखला, मेडिकल कार्ड, बाउट रेकॉर्ड, सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स, आणि ती त्याच्या घरी ठेवायला द्या, क्लबच्या कपाटात नको. कपाटाची किल्ली हरवते, कमिटीत भांडणं होतात, आणि भरतीच्या आदल्या दिवशी पोरगं सर्टिफिकेटसाठी कोणाच्या तरी दारात उभं राहतं.